जेफ्री चॉसर आणि गरीब पाळक

इंग्लंड देशाचा प्रसिद्ध कवि जेफ्री चॉसर ह्याचा जन्म इ. स. १३४३ च्या सुमारास लंडन शहरीं एका द्राक्षारसाच्या व्यापाऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं तो राजाच्या सुनेच्या पदरीं चाकरीस होता. १३५९ सालीं सैन्याबरोबर फ्रान्सांत गेला असतां तो शत्रूच्या हातीं सांपडला, व त्याच्या सुटकेसाठीं राजानें १६ पौंड दिले. १३७४ पासून बारा वर्षें लंडन बंदरांत लोंकर व कातडीं ह्यांच्या जकातीचा हिशेब तपासण्याचें काम त्याजकडे होतें. तेथें नाना प्रकारचीं माणसें त्याच्या नजरेखालून गेलीं.

त्या काळीं मंडळीची स्थिति शोचनीय होती. १३७८ पासून रोम व आव्हिन्यों येथें दोन पोप परस्परांस शाप देत होते. मग खालच्यांस धाक कोणाचा? अशा दिवसांत, १३८७ च्या सुमारास, चॉसरानें कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या गोष्टी लिहिण्यास आरंभ केला. त्या यात्रेकरूंत एक मठवासी आहे. त्याला मठापेक्षां शिकारीचीं कुत्रीं व घोडे प्रिय. एक भिक्षेकरी धर्मबंधु आहे. देणगी देणाऱ्यास तो सोपें प्रायश्चित्त सांगतो, आणि कुष्ठरोग्यांपेक्षां गुत्तेवाल्यांशीं त्याची ओळख अधिक. एक क्षमापत्रें विकणारा आहे. डुकराचीं हाडें पवित्र अवशेष म्हणून दाखवून तो एका दिवसांत गांवच्या पाळकाच्या दोन महिन्यांच्या मिळकतीहून अधिक पैसा नेतो. त्याचा उपदेश मात्र नेहमीं लोभाविरुद्ध!

ह्या सर्वांमध्यें एक गरीब पाळक चॉसरानें निराळा रंगविला आहे. त्याच्या मंडळीचीं घरें दूरदूर पसरलेलीं. तरी पाऊस असो वा गडगडाट, हातांत काठी घेऊन तो पायींच आजाऱ्यांस भेटावयास जातो. दशमांश न देणाऱ्यास मंडळीबाहेर टाकण्याऐवजीं तो आपल्याच तुटपुंज्या मिळकतींतून गरिबांस देतो. आधीं स्वतः करितो, मग शिकवितो. त्याचा भाऊ शेतांत नांगर धरणारा आहे.

१४०० सालीं चॉसर मरण पावला. ग्रंथ अपुराच राहिला. तथापि त्यांतील शेवटचा उपदेश त्या गरीब पाळकाच्याच तोंडीं आहे. ह्यावरून चॉसर धर्माचा वैरी नव्हता, ढोंगाचा होता, हें उघड दिसतें.

प्रिय उपदेशकबंधूंनो, हे दोष केवळ त्या काळच्या रोमी मंडळीचे असें म्हणून आपण सुटूं नये. ज्या घरांतून वर्गणी येत नाहीं, त्या घरीं भर पावसाळ्यांत आपण किती वेळां जातों? हें लिहितांना माझ्याच मनास टोंचणी लागली आहे.