लीबिगच्या नावाची नळी

ॲसिटोन आणि पाणी वेगळे करण्याची आकृती आपण सगळ्यांनी वहीत काढली आहे. गोल बुडाचा चंबू, त्यात थर्मामीटर आणि एका बाजूला तिरकी उतरणारी काचेची दुहेरी नळी. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, पाणी १०० ला. त्यामुळे आधी ॲसिटोनची वाफ निघते, आतल्या नळीतून जाताना थंड होते आणि पलीकडच्या भांड्यात थेंब थेंब पडते. बाहेरच्या नळीत पाणी खालून का सोडायचे, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न. (नळी पूर्ण भरलेली राहावी म्हणून. उत्तर विसरलेल्यांसाठी देऊन ठेवते!) या नळीचे नाव लीबिगचा कंडेन्सर.

पण ती लीबिगने शोधलेली नाही. वायगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये, म्हणजे लीबिगच्या जन्माच्या बत्तीस वर्षे आधी, पाण्याने थंड होणाऱ्या अशा नळीचे वर्णन छापले होते. पुढे गॉटलिंगने ती सुधारली. लीबिग स्वतः तिचे श्रेय गॉटलिंगला देत असे. तरी नाव चिकटले ते लीबिगचेच. हा अन्याय आहे की नाही, हे ठरवायला त्याचे आयुष्य पाहावे लागते.

युस्टुस लीबिगचा जन्म १२ मे १८०३ चा, जर्मनीतल्या डार्मस्टाटचा. वडिलांचा रंग, वार्निश आणि रसायनांचा धंदा होता, आणि माल तयार करायला एक छोटी कार्यशाळा. मुलगा तिथेच रमायचा. दरबारी ग्रंथालयातून रसायनशास्त्राची पुस्तके आणून त्यातले प्रयोग करून पाहायचा. शाळेत मात्र आनंदच होता. पाठांतर जमत नसे. पुढे काय होणार, असे मास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारले, तेव्हा याने रसायनशास्त्रज्ञ असे सांगितले आणि अख्खा वर्ग हसला. असा काही व्यवसाय असतो हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. ही हकिकत त्यानेच म्हातारपणी लिहून ठेवली. म्हणजे ते हसणे त्याला जन्मभर आठवत होते.

शाळा अर्धवट सुटली. हेपेनहाइम गावच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला गेला आणि वर्षाच्या आत परत आला. माळ्यावर स्फोट केला म्हणून हाकलले, अशी कथा रंगवून सांगतात. वडिलांना फी परवडेना, हे कारण मला जास्त खरे वाटते. पुढे प्राध्यापक कास्टनर यांच्यामागे बॉन आणि एर्लांगन इथे शिकला, पण हाताने पृथक्करण करायला तिथे कुणी शिकवले नाही. ते मिळाले पॅरिसमध्ये. संस्थानच्या राजाची शिष्यवृत्ती घेऊन तो १८२२ मध्ये तिथे गेला आणि गे-ल्युसॅक यांच्या खासगी प्रयोगशाळेत त्यांच्याशेजारी उभा राहून काम शिकला. अशी जागा एखाद्यालाच मिळायची, तीही ओळखीवर. लीबिगसाठी शब्द टाकला होता हुम्बोल्ट यांनी. त्यांच्याच शिफारशीने वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८२४ मध्ये, तो गीसेनच्या छोट्या विद्यापीठात प्राध्यापक झाला.

पॅरिसमध्ये एकट्याला मिळाले ते गीसेनमध्ये सगळ्यांना द्यायचे, हे त्याचे खरे काम. प्रयोगशाळेसाठी सैनिकांच्या बराकीजवळची पहारेकऱ्यांची जुनी इमारत मिळाली. कोळशाच्या शेगड्या, धूर आणि गर्दी. औषधविक्रेते घडवणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, असे म्हणून विद्यापीठाने आधी मान्यताही दिली नाही. त्याने दोन सहकाऱ्यांसह खासगी वर्ग काढला आणि पदरचे पैसे घातले. पद्धत आपल्या ओळखीची आहे. आधी लेबल नसलेल्या पदार्थांत काय आहे ते ओळखायचे (अकरावी-बारावीचे सॉल्ट ॲनालिसिस!), मग ते किती आहे ते मोजायचे, आणि शेवटी स्वतःचा प्रश्न घेऊन संशोधन करायचे. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांची काचेची एक नळी बनवली. पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड तिच्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. आधी नळी तोलायची, नंतर पुन्हा तोलायची, की पदार्थातला कार्बन कळला. वायूचे आकारमान मोजण्याची जुनी पद्धत फार कसबाची होती. आता चांगला तराजू आणि थोडा सराव असलेल्या विद्यार्थ्यालाही ते जमू लागले. ही नळी नक्की त्याची, आणि अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती आजही आहे.

जर्मनीबाहेरूनही मुले येऊ लागली. हॉफमन, केकुले, फ्रँकलंड हे सगळे तिथून गेलेले. जाताना हाताची सवय नेली आणि गीसेनच्या टेबलावरची उपकरणेही. गॉटलिंगच्या सुधारलेल्या नळीला लीबिगचे नाव पडले ते असे. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच चालते. मूळ कल्पना एकाची असते, आणि जो ती सगळ्यांना वापरता येईल अशी करून वाटतो, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. वायगेलबद्दल मला वाईट वाटते, पण नाव चुकीच्या माणसाला मिळाले असे म्हणवत नाही.

एक खंत मात्र नोंदवते. १८४० च्या सुमाराच्या त्या प्रयोगशाळेचे एक चित्र प्रसिद्ध आहे. टोप्या घातलेले तरुण टेबलांभोवती उभे आहेत आणि बाई एकही नाही. जर्मन विद्यापीठांची दारे बायकांना तेव्हा बंदच होती. आपल्या वर्गात बर्नर पेटवायला मुलीच आधी धावायच्या, ते आठवून हे चित्र पाहावे.

माणूस भांडखोर होता. व्होलरशी त्याचा स्नेह आधी वादातूनच जुळला आणि शेवटपर्यंत टिकला. बाकी बऱ्याच जणांशी तो नुसताच भांडला. यीस्ट सजीव आहे असे काही शास्त्रज्ञ म्हणू लागले, तेव्हा १८३९ मध्ये या दोघांनी निनावी लेख छापून त्यांची टर उडवली. त्यात यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे इवले प्राणी, साखर खाऊन दारू बाहेर टाकणारे! पाश्चरने पुढे सिद्ध केले ते जवळपास हेच, फक्त विनोद वगळून. लीबिगने ते कधी मनापासून मानले नाही.

क्रॉइत्सनाखच्या मिठाच्या झऱ्यातून आलेल्या द्रवाची गोष्ट मात्र तो स्वतःच सांगे. त्यातून त्याने एक तपकिरी द्रव वेगळा केला आणि घाईने आयोडीन क्लोराइड असे लेबल लावून बाटली ठेवून दिली. १८२६ मध्ये बालार्ड या फ्रेंच तरुणाने ब्रोमीन हे नवे मूलद्रव्य जाहीर केले, तेव्हा आपल्या बाटलीत तेच होते हे लीबिगच्या लक्षात आले. वेगळे करणे जमले होते, ओळखणे राहून गेले. ती बाटली त्याने चुकांच्या खास कपाटात ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे.

१८४० नंतर तो शेतीकडे वळला. पिकांना जमिनीतून खनिजे लागतात हे त्याचे म्हणणे टिकले, पण त्याने बनवलेले खत पाण्यात विरघळेना आणि धंदा बुडाला. १८४५ मध्ये सरदारकी मिळाली, १८५२ मध्ये तो म्युनिकला गेला आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तिथेच वारला. त्याच्या नावाचा मांसाचा अर्क तोवर दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेत तयार होऊन युरोपात विकला जात होता.

गीसेनच्या विद्यापीठाला आता त्याचेच नाव आहे, आणि ती जुनी प्रयोगशाळा १९२० पासून संग्रहालय आहे. आपल्यापैकी जे जर्मनीत आहेत त्यांनी जरूर जावे. फ्रँकफर्टहून रेल्वेने सुमारे तासाभरात पोचता येते.