विश्लेषण : वन्यजीव अधिवासाचे लक्ष्य कसे ठरवायचे? आल्डो लिओपोल्ड यांच्या आयुष्यातून काय दिसते?

२०३० पर्यंत जगातील ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, तसेच ऱ्हास झालेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर पुनरुज्जीवन सुरू करायचे, असे डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत ठरले. भारतानेही २०२४ मध्ये सुधारित राष्ट्रीय आराखड्यात २३ लक्ष्ये निश्चित केली. मात्र एखाद्या प्रदेशात किती अधिवास हवा, कुठे हवा आणि तो राखायचा कुणी, हे प्रश्न जुनेच आहेत. अमेरिकी वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांना ते जवळपास शतकापूर्वी पडले होते.

लिओपोल्ड कोण होते?

११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून शिकार आणि पक्षीनिरीक्षणाची आवड होती. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९०९ मध्ये ते वन सेवेत दाखल झाले. पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला वनक्षेत्राचा मोठा भाग रस्ते आणि बांधकामांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला, तो त्यांच्याच पाठपुराव्यामुळे.

लांडग्यांबाबत त्यांचे मत का बदलले?

सुरुवातीला त्यांचा हिशेब सरळ होता. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांची सोय होईल. त्या काळचे सरकारी धोरणही हेच होते. स्वतः लिओपोल्ड यांनी ॲरिझोनात लांडग्यांवर गोळ्या झाडल्या आणि भक्षक प्राण्यांच्या निर्मूलनासाठी मोहीम चालवली. पुढे अनेक भागांत भक्षक संपले, हरणांचे कळप वाढले आणि त्यांनी कोवळी रोपे, झुडपे फस्त केली. चारा संपल्यावर हरणेच उपाशी मरू लागली. एकाच प्राण्याची संख्या वाढवण्याचे लक्ष्य ठेवले तर सारे जंगल धोक्यात येते, हे त्यांना उमगायला बरीच वर्षे लागली.

आठ राज्यांची पाहणी कशासाठी?

१९२८ मध्ये वन सेवा सोडून त्यांनी उत्तर-मध्य अमेरिकेतील आठ राज्यांत शिकारयोग्य प्राणी-पक्ष्यांची पाहणी सुरू केली. बंदूक व काडतूस उत्पादकांच्या संघटनेने त्यासाठी पैसा दिला होता. राज्याराज्यांत फिरून, शेतकरी आणि शिकाऱ्यांशी बोलून त्यांनी १९३१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पाणथळ जागांचा निचरा, बांधावरच्या झुडपांची तोड आणि झाडोऱ्यात मोकाट चरणारी गुरे यांमुळे पक्ष्यांचा आसराच नाहीसा होत होता. शिकारीवर बंदी घालून किंवा पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून हे नुकसान भरून निघणारे नव्हते. आधी प्रदेशाची मोजणी, मग कारणांचा शोध आणि त्यानंतर लक्ष्य, हा क्रम या पाहणीतून पुढे आला. १९३३ मध्ये त्यांचे ‘गेम मॅनेजमेंट’ हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापक झाले.

१ कोटी २० लाख एकरांचे लक्ष्य काय होते?

१९३० च्या दशकातील भीषण दुष्काळात तळी आटली आणि स्थलांतरित बदकांची संख्या घसरली. जानेवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी थॉमस बेक, व्यंगचित्रकार जे डार्लिंग आणि लिओपोल्ड यांची समिती नेमली. शेतीला न परवडणारी १ कोटी २० लाख एकर जमीन सरकारने विकत घेऊन वन्यजीवांसाठी पूर्ववत करावी, त्यासाठी ५ कोटी डॉलर द्यावेत, अशी शिफारस समितीने केली. मागितलेला सगळा निधी मिळाला नाही. तरी या चर्चेने अभयारण्य उभारणीला वेग आला. शिकाऱ्यांनी दरवर्षी विशेष तिकीट घ्यायचे आणि तो पैसा पाणथळ जागांसाठी वापरायचा, असा कायदाही त्याच वर्षी झाला.

खासगी जमिनीचे काय?

सगळी जमीन सरकार विकत घेऊ शकत नाही, हे लिओपोल्ड ओळखून होते. विस्कॉन्सिनमधील कून व्हॅली या धूप झालेल्या खोऱ्यात १९३३ पासून शेकडो शेतकऱ्यांना सोबत घेऊन समतल मशागत, चराईवर नियंत्रण आणि झाडोरा राखण्याचे काम झाले. लिओपोल्ड त्याचे सल्लागार होते. मॅडिसन येथे विद्यापीठाच्या जागेवर मूळचे गवताळ माळरान पुन्हा उभे करण्याच्या प्रयोगातही त्यांचा पुढाकार होता. १९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची ८० एकर नापीक जमीन घेतली. कोंबड्यांचे जुने खुराडे दुरुस्त करून पत्नी एस्टेला आणि पाच मुलांसह ते तिथे सुट्ट्या घालवत आणि दर वसंतात रोपे लावत. दुष्काळात बरीच रोपे मेली, तरी पुढच्या वर्षी लागवड चालूच राहिली.

विरोध झाला का?

झाला. १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये हरणे वाढून उपासमार होऊ लागली, तेव्हा माद्यांच्या शिकारीलाही परवानगी द्यावी, अशी भूमिका त्यांनी राज्याच्या संवर्धन आयोगात घेतली. त्यावर जनतेतून मोठी टीका झाली, पण ते मागे हटले नाहीत.

आज त्यांचे महत्त्व काय?

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताची आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये मेक्सिकन लांडगे पुन्हा रानात सोडण्यात आले, तेही अपाची वनातच. नकाशावर ३० टक्के भाग रंगवणे तुलनेने सोपे आहे. त्या भागात गवत, पाणी, भक्षक आणि भक्ष्य टिकते का, आणि उरलेल्या ७० टक्क्यांतले शेतकरी त्यात सहभागी आहेत का, यावर लक्ष्याचे यश ठरते.