मेरी बार्बर
मेरी बार्बर (१९११–१९६५) ह्या ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ होत्या. रुग्णालयांत पसरणाऱ्या पेनिसिलिन-प्रतिरोधक स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवरील संशोधनासाठी त्या प्रसिद्ध आहेत. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग हॅमरस्मिथ रुग्णालयाशी निगडित होता.

संशोधन

पेनिसिलिनचे रेणू फोडून ते निकामी करणारे पेनिसिलिनेझ हे विकर (एन्झाइम) एडवर्ड एब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे औषध सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी, नोंदवले होते. मात्र रुग्णालयात त्याचा काय परिणाम होतो, हे बार्बर यांच्या मोजणीतून दिसले. हॅमरस्मिथमध्ये तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या वाणांपैकी १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये हे प्रमाण ३८ टक्के आणि १९४८ मध्ये ५९ टक्के झाले.

या वाढीची दोन स्पष्टीकरणे संभवत होती. एक तर उपचार चालू असताना प्रत्येक रुग्णातील जीवाणू नव्याने प्रतिरोधक होत असावेत, किंवा मुळातच पेनिसिलिनेझ तयार करणारे मोजके वंश एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात असावेत. कोणता वाण कोणत्या जीवाणुभक्षी विषाणूला बळी पडतो, यावरून बार्बर यांनी वाणांची वर्गवारी केली. निष्कर्ष दुसऱ्या बाजूने झुकला. पेनिसिलिन संवेदनशील वाणांना मारत होते आणि रिकाम्या झालेल्या जागी विकरधारी वंश फैलावत होते. दोष केवळ औषधाच्या वापराचा नसून वॉर्डातील संसर्गप्रसाराचाही आहे, असा याचा अर्थ होता.

रुग्णालयातील धोरण

सेंट थॉमस रुग्णालयात काही वर्षे काम केल्यानंतर त्या हॅमरस्मिथला परतल्या. तेथे १९५८ पासून प्रतिजैविकांच्या, विशेषतः पेनिसिलिनच्या, वापरावर निर्बंध घालण्यात आले. जी औषधे द्यायची ती शक्यतो दोन एकत्र द्यावीत व रुग्णांमधील संसर्गप्रसार रोखावा, असेही ठरले. आपल्या रुग्णाला कोणते औषध द्यावे हे ठरविण्याची मुभा जपणाऱ्या डॉक्टरांकडून असे नियम पाळून घेणे सोपे नसते. तरीही प्रतिरोधक वाणांचे संसर्ग घटले. १९६० मध्ये बार्बर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या अहवालाने प्रतिरोधाची दिशा उलटविता येते हे दाखविले.

पेनिसिलिनेझपुढे टिकणारे मेथिसिलिन वापरात येताच त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आढळले. त्यांच्यावरील बार्बर यांचा लेख १९६१ चा आहे. हा प्रतिरोध औषध फोडणाऱ्या विकरामुळे नसून जीवाणूच्या भित्तिका बांधणाऱ्या वेगळ्या प्रथिनामुळे येतो, हे पुढे सिद्ध झाले.

लॉरेन्स गॅरड यांच्यासह लिहिलेला त्यांचा प्रतिजैविकांवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी त्या प्राध्यापक झाल्या. १९६५ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.