पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर
(संक्षिप्त जीवनपरिचय)

तीर्थयात्रेस निघालेला भाविक काशीस जावो, गयेस जावो अथवा सोमनाथास जावो, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव त्याच्या कानी पडल्याशिवाय राहत नाही. ज्या काळात राज्यकारभारात निराशेखेरीज फारसे काही हाती येत नव्हते, त्या काळात या साध्वीने देवावरील श्रद्धा ढळू दिली नाही.

जन्म व विवाह

अहिल्यादेवींचा जन्म दि. ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. पिता माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. गावच्या देवळात या बालिकेची भक्ती पाहून सुभेदार मल्हारराव होळकर यांनी तिला सून म्हणून पसंत केले, असे परंपरा सांगते. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी इ.स. १७३३ मध्ये त्यांचा विवाह झाला.

आघातांची मालिका

इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि राज्यकारभाराचे धडे दिले. इ.स. १७६१ मध्ये पानिपताचा प्रलय झाला. इ.स. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव यांचेही निधन झाले.

या दुःखात असतानाच घरभेद उद्भवला. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधले व दादा फौजेसह माळव्यात आले. परका शत्रू नव्हे, तर ज्यांच्या सेवेत होळकरांची एक पिढी खर्ची पडली, त्या पेशव्यांच्याच घरातील पुरुष दाराशी उभा होता. अहिल्यादेवींनी लढण्याची सिद्धता केली, अन्य सरदारांकडे साहाय्य मागितले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. माधवरावांनी त्यांचा पक्ष उचलून धरला व दादांना माघारी फिरावे लागले. पुढे तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून देवींनी नर्मदातीरी महेश्वर येथून कारभार पाहिला.

राजसत्तेच्या मर्यादेपलीकडे

काशीतील श्रीविश्वेश्वराचे मंदिर इ.स. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले होते. मराठ्यांचे झेंडे उत्तरेत दूरवर पोहोचले, तरी काशी त्यांच्या ताब्यात कधीच आली नाही. ती प्रथम अयोध्येच्या नवाबाच्या अंमलाखाली होती व इ.स. १७७५ मध्ये इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. जे क्षेत्र तलवारीने मिळाले नाही, तेथे देवाची स्थापना कशी व्हावी, हा प्रश्न होता. अहिल्यादेवींनी अनुकूल राजकारणाची वाट पाहिली नाही. मूळ स्थानाच्या शेजारीच इ.स. १७८० च्या सुमारास त्यांनी श्रीविश्वनाथाचे नवे मंदिर उभारले.

सोमनाथ येथे भग्न मंदिरापासून जवळच इ.स. १७८३ मध्ये त्यांनी नवे मंदिर बांधले व पूजेचे शिवलिंग तळघरातील गर्भगृहात सुरक्षित स्थापिले. कंपनीच्याच मुलखातील गया येथे इ.स. १७८७ मध्ये विष्णुपद मंदिर पूर्ण केले. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांच्या काळात झाला. याखेरीज घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची गणना करणे कठीण आहे. हा खर्च मुख्यत्वे होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून होत असे. केवळ वास्तू उभारून त्या थांबल्या नाहीत. नित्य पूजेसाठी त्यांनी नेमणुका लावून दिल्या आणि दूरदूरच्या देवस्थानांस गंगाजलाच्या कावडी पाठविण्याची व्यवस्था केली.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यातही मनास स्वास्थ्य लाभले नाही. इ.स. १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. पैशावरून तुकोजींशी वारंवार मतभेद होत राहिले. नातू नथ्याबा अकाली गेला. इ.स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि आईने केलेल्या विनवण्यांना न जुमानता कन्या मुक्ताबाई नर्मदातीरी सती गेल्या. इ.स. १७९३ मध्ये लाखेरीच्या रणात शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या फौजेचा मोड केला. एकाच भगव्या झेंड्याखालील दोन घराणी परस्परांचे रक्त सांडताना देवींना पाहावे लागले. तरीही त्यांची पूजा, दानधर्म व प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्याचा परिपाठ सुटला नाही. श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७, अर्थात दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

चिरंतन वारसा

त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांत, इ.स. १८१८ मध्ये, पेशवाई संपली आणि होळकरांचे राज्य इंग्रजांचे मांडलिक झाले. ज्या राजकारणाने देवींना आयुष्यभर क्लेश दिले, ते काळाच्या उदरात गडप झाले. श्रीविश्वनाथाच्या मंदिरात मात्र आजही अभिषेक होतो, विष्णुपदी पिंडदान होते आणि सोमनाथास त्यांनी बांधलेल्या मंदिरात भाविक बिल्वपत्र वाहतात. आपल्या हयातीत सर्व काही मनासारखे घडेल, या अपेक्षेने त्यांनी दान केले नाही. पुढे येणाऱ्या अनोळखी यात्रेकरूस सावली, पाणी व देवदर्शन मिळावे, एवढाच त्यामागील भाव होता. देवद्वारी येणाऱ्या प्रत्येक भाविकाने व दात्याने हा भाव अंतःकरणी धरावा.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!