मलिक अंबर : ज्यांनी खडकातून शहराला पाणी पाजले

दहावी-बारावीच्या भूगोलात आपली मुले भूपट्ट, ज्वालामुखी, दुष्काळ आणि हवामान बदल हे सगळे पाठ करतात. परीक्षा झाली की विसरतात. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादमध्ये राहणाऱ्या मुलांना हा भूगोल एका माणसाच्या जीवनातून शिकता येतो. तो माणूस म्हणजे या शहराचे संस्थापक मलिक अंबर.

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीचे नाव चापू. हा प्रदेश भूगोलाच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. आफ्रिका खंड तिथे हळूहळू फाटतो आहे. त्याच फाटण्यातून तांबडा समुद्र तयार झाला. तिथले पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचे, काळ्या बेसॉल्टचे. योगायोग बघा, आपले दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. एका काळ्या पठारावर जन्मलेल्या मुलाने दुसऱ्या काळ्या पठारावर शहर वसवले.

मधला प्रवास मात्र गुलामगिरीचा होता. लहान वयात चापू विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडचे मोखा, मग बगदाद असे मालक बदलत गेले. बगदादच्या मीर कासिम यांनी त्याची हुशारी ओळखली, त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचे वजीर चंगेज खान यांनी त्याला विकत घेतले. हे चंगेज खान स्वतःही हबशीच होते. त्यांच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार आणि लष्कर दोन्ही शिकले. १५७४-७५ च्या सुमारास चंगेज खान वारले आणि त्यांच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले.

हाती घोडा आणि तलवार, एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्य उभे केले. काही वर्षे विजापूरकरांकडे चाकरी केली, तिथे ‘मलिक’ हा किताब मिळाला. १६०० साली चांदबीबींच्या हत्येनंतर अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला. निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. अंबर यांनी परांड्याला मुर्तजा निजामशाह यांना गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. डोंगर, घाट, पावसाळा आणि मराठा स्वारांचे चपळ घोडे हेच त्यांचे बळ. मालोजी आणि शहाजी भोसले यांच्यासारखे सरदार त्यांच्या काळात नावारूपाला आले. जहांगीर बादशाहचा त्यांच्यावर इतका राग होता, की अंबर यांच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते डोके त्याच्या हाती कधीच लागले नाही.

१६१० साली दौलताबादजवळच्या खडकी गावी त्यांनी राजधानी वसवली. गावाच्या नावातच खडक आहे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण ढग इकडे पोहोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. म्हणूनच मराठवाडा पर्जन्यछायेत येतो. खाम नदी उन्हाळ्यात आटते. जवळच्या दौलताबादला तुघलकांनी राजधानी आणली आणि सोडूनही दिली, त्यामागे पाण्याची टंचाई हेही एक कारण सांगितले जाते. मग हजारो लोकांना पाणी कुठून द्यायचे?

इथे अंबर यांचे खरे मोठेपण दिसते. बेसॉल्टचा अखंड थर पाणी मुरू देत नाही. पण थरांच्या मधल्या भेगांत आणि झिजलेल्या, सच्छिद्र खडकात पाणी साठून राहते. शहराच्या उत्तरेच्या डोंगरउतारावर, हर्सूलच्या बाजूला, हे भूजल अडवून जमिनीखालच्या पक्क्या बांधीव नळातून शहरात आणले गेले. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, इंजिन नाही, फक्त उतार. हवा खेळावी आणि सफाई करता यावी म्हणून जागोजागी विवरे ठेवली. जिथे दाब वाढेल तिथे पाणी मनोऱ्यात वर चढवून पुन्हा खाली सोडले. पाणी जमिनीखालून जात असल्याने उन्हाने उडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. इराण-इराकच्या कोरड्या मुलखात ही विद्या जुनी आहे. गंमत म्हणजे अंबर यांचे शत्रू, मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना यांनीही त्याच दशकात बुऱ्हाणपूरला अशीच भूमिगत व्यवस्था करवून घेतली.

१६१६ मध्ये मुघल फौजेने खडकी जाळली. अंबर यांनी शहर पुन्हा उभे केले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली आणि मुघल व विजापूर यांच्या एकत्र फौजेला हरवले. पाणी वाचवणारा माणूस पाण्याने लढायलाही जाणत होता. मे १६२६ मध्ये सुमारे ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे. चारच वर्षांनी, १६३० मध्ये, पाऊस फसला आणि दख्खन-गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. १६३३ मध्ये दौलताबादही मुघलांकडे गेले. राज्य गेले, पण नहर वाहत राहिली.

आज आम्हाला हे सांगावेसे वाटते, कारण प्रश्न तोच आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी भोगला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवून दिले, की स्थिर समजली जाणारी ही जमीनही हलते आणि दगड-मातीच्या जड भिंती जीव घेतात. आता हवा तापते आहे. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस एकदम कोसळतो आणि मधले खंड लांबतात. अशा वेळी पडलेले पाणी जमिनीत मुरवणे हाच उपाय, आणि भूजलाची किंमत अंबर यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

जायकवाडीचे पाणी येऊनही आपल्या मोहल्ल्यांत नळाची वाट बघावी लागते. आणि नहरीचे काय? कुठे तिच्यावर बांधकाम झाले, कुठे कचरा पडला, कुठे रस्ता खोदताना नळ फुटला. भडकल दरवाजा दिसतो म्हणून त्याची आठवण तरी राहते. नहर जमिनीखाली आहे, म्हणून ती विसरली जाते.

आमची पालकांना एवढीच विनंती आहे. या सुट्टीत मुलांना भडकल दरवाजा, हर्सूलची बाजू आणि खुलताबादची कबर दाखवा. आपल्या घराच्या, मशिदीच्या, मदरशाच्या छताचे पाणी बोअरजवळ मुरवण्याची सोय करा. वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांना द्या. गुलाम म्हणून आलेल्या एका माणसाने परक्या मुलखाला पाणी पाजले. आपण तर इथलेच आहोत.