आधी हात, मग अक्षर

बालवाडीत नुकत्याच दाखल झालेल्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घ्यावीत, ही प्रथा आपल्या शहरांत आता इतकी रूढ झाली आहे, की तिच्यात काही गैर आहे असे पालकांना वाटेनासे झाले आहे. मूल लवकर लिहू लागले म्हणजे भरलेल्या फीचे चीज झाले, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. मुलाची बोटे दुखतात, पेन्सिल मुठीत आवळली जाते, अक्षर रेघेबाहेर जाते आणि त्याबद्दल घरी व शाळेत बोलणी मात्र त्यालाच बसतात. हा हिशेब चुकीचा आहे, हे शतकाहून अधिक काळापूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले, त्या मारिया मॉन्टेसरी यांचे नाव अशा अनेक बालवाड्यांच्या पाट्यांवर झळकत असते. नाव घेणारे पुष्कळ आणि चरित्र जाणणारे थोडे, अशी ही स्थिती आहे.

मॉन्टेसरीबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाले या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकर, आई वाचनाची आवड असलेली. शिक्षिका होणे हाच त्या काळी सुशिक्षित मुलीला मोकळा असलेला मार्ग होता. परंतु मारियाने तो नाकारला आणि पुढे शिक्षणाच्याच क्षेत्रात जगभर कीर्ती मिळवली, हा दैवाचा खेळच म्हटला पाहिजे. वडिलांचा विरोध पत्करून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली. इटलीत डॉक्टर झालेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. १८९८ मध्ये त्यांना मारियो हा मुलगा झाला. विवाहाविना आलेल्या मातृत्वाचे ओझे त्या समाजात पेलणे शक्य नव्हते. मूल शहराबाहेर एका कुटुंबाकडे वाढले. जगाच्या मुलांसाठी झटणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाचे बालपण जवळून पाहता आले नाही.

विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात काम करीत असताना, वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली मतिमंद मुले त्यांच्या पाहण्यात आली. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले आणि या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, या निष्कर्षाप्रत त्या आल्या. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या शाळेचे संचालन त्यांच्याकडे आले. तेथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. सुई-दोरा देऊन तिला रफू करायला शिकवण्याचे सारे प्रयत्न फसले. तेव्हा बाईंनी शिवण बाजूला ठेवली आणि कागदाच्या उभ्या पट्ट्यांतून आडव्या पट्ट्या खाली-वर ओवून चटई विणण्याचा खेळ तिला दिला. त्यात हात बसल्यावर सुई पुन्हा तिच्या हाती दिली, तेव्हा तिला रफू जमू लागले. कोणतेही काम सांगण्यापूर्वी त्या कामाला लागणारी हालचाल वेगळी काढून हाताला आधी शिकवावी, हे सूत्र बाईंना येथे गवसले. त्यांच्या लेखन-शिक्षणाचा सारा डोलारा याच सूत्रावर उभा आहे.

या शाळेतील काही मुले सामान्य मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला. मतिमंद मुले जर येथवर येतात, तर धडधाकट मुलांना एवढ्यावरच कोण रोखून धरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना मिळाली ती एका व्यवहारी हिशेबातून. रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत एका कंपनीने जुन्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले भिंती आणि जिने खराब करीत. रंगरंगोटीवर वारंवार खर्च करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असे कंपनीच्या संचालकांनी ताडले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या घटनेत विशेष रस वाटावा. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासाहून अधिक मुलांचे पहिले बालगृह सुरू झाले, ते असे दुरुस्तीखर्चातील बचतीवर.

तेथे लेखन शिकवण्याचा बाईंचा विचार नव्हता. निरक्षर आयांनीच तो आग्रह धरला. बाईंनी लेखनाची क्रिया तिच्या घटकांत फोडली. लेखणी धरून हव्या त्या दिशेने चालवणे हा एक भाग. अक्षराचे वळण हाताला ठाऊक असणे हा दुसरा. आणि शब्दातले ध्वनी ओळखून अक्षरे जुळवणे हा तिसरा. पहिल्यासाठी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत बसणारे दट्टे होते. त्यांची बारीक मूठ अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्याच चिमटीत धरावी लागे, म्हणजे पेन्सिल ज्या बोटांनी धरतात त्याच बोटांनी. धातूच्या चौकटीतून आकृती काढून ती रंगीत पेन्सिलीने भरताना रेघेवर ताबा येई. दुसऱ्यासाठी काचकागदाची खरखरीत अक्षरे. मूल त्यांवरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवी आणि त्या अक्षराचा उच्चार करी. तिसऱ्यासाठी कागदाची सुटी अक्षरे. मनाजोगी महागडी अक्षरे बनवून देणारा कारागीर मिळेना, म्हणून कागद आणि काचकागद वापरावे लागले, आणि तेच अधिक सोयीचे ठरले.

डिसेंबर महिन्यातील एका उन्हाच्या दिवशी मुले गच्चीवर खेळत होती. बाईंनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन समोरचे धुराडे काढायला सांगितले. त्याने ते काढले आणि एकाएकी आपल्याला लिहिता येते, अशी आरोळी ठोकून फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता हात. मग त्याने धुराडे लिहिले, छप्पर लिहिले. पाठोपाठ इतर मुलेही लिहू लागली. पूर्वतयारीच्या पहिल्या खेळापासून पहिल्या लिहिलेल्या शब्दापर्यंत चार वर्षांच्या मुलाला महिना ते दीड महिना पुरतो, असे बाईंनी पुढे आपल्या १९०९ च्या ग्रंथात नोंदवले. न लिहिता केलेली तयारी लिहून घेण्यापेक्षा लवकर फळाला आली होती.

बाईंच्या कार्याला मर्यादाही होत्या. वैद्यकी आणि विद्यापीठ सोडल्यावर प्रशिक्षणवर्ग आणि साहित्य हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले आणि दोहोंवर त्यांनी कडक नियंत्रण ठेवले. मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत त्यामुळे श्रीमंतांची मिरास बनू लागली. काही वर्षे त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीचे साहाय्य स्वीकारले. पण अखेर पटले नाही आणि १९३४ मध्ये इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासला आल्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. मारियोला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्याची सुटका झाली. युद्धकाळात बाईंनी भारतात शेकडो शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्या येथे येण्यापूर्वीच त्यांचा विचार मात्र आला होता. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो रुजवला. महागडे साहित्य खेड्याला परवडणार नाही, हे ताराबाईंनी अचूक ओळखले आणि १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, बिया, खडे, शंख-शिंपले यांवर आदिवासींच्या मुलांचे शिक्षण उभे केले. रोममध्ये कागदाने जे काम केले, तेच डहाणूच्या परिसरात शिंपल्यांनी केले.

म्हणजे प्रश्न पैशांचा नाही. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात आणि ती पूर्ण घडण्यास दहाबारा वर्षे जातात, हे आज कोणत्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ या वयाच्या शिक्षणाचा पाया खेळ हाच मानला आहे. मटार सोलणे, फुले ओवणे, कणकेचे गोळे वळणे, शर्टाची बटणे लावणे, रांगोळीच्या ठिपक्यांवर बोट ठेवणे, ही सारी लेखनाचीच पूर्वतयारी होय, आणि तिला फी पडत नाही. आपल्या जुन्या धुळपाटीवरही मूल लेखणीआधी बोटानेच अक्षर ओळखत असे. लागतो तो थोडा धीर. बालवाडीत पाल्याच्या वहीची किती पाने भरली, हे विचारण्याऐवजी त्याच्या बोटांना दिवसभर कोणते काम मिळाले, हे पालकांनी विचारावयास हवे. शाळा तेच देतात, जे पालक मागतात.