ज्युलियाची नक्षी

नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात संगणकाशी खेळणाऱ्या माझ्यासारख्या हौशी मंडळींनी एक चित्र हमखास काढलेले असते. चार ओळींचे सूत्र द्यायचे आणि पडद्यावर समुद्रघोड्यांच्या शेपट्या, विजेच्या रेघा, मोरपिसे उमटताना पाहत बसायचे. या चित्रांना ‘ज्युलिया संच’ म्हणतात. नावावरून एखादी बाई डोळ्यांसमोर येईल. पण हे आडनाव आहे, गास्तों ज्युलिया या फ्रेंच गणितज्ञाचे.

त्याचा जन्म ३ फेब्रुवारी १८९३ चा, अल्जीरियातल्या सिदी बेल अब्बेसचा. पोरगा हुशार, शिकायला पॅरिसला पोचला आणि पहिल्या महायुद्धात सैन्यात ओढला गेला. २५ जानेवारी १९१५ रोजी आघाडीवर चेहऱ्यालाच जबर जखम झाली, नाक गेले. वय अवघे २१! एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. पुढे जन्मभर तो चेहऱ्यावर कातडी पट्टी बांधून वावरला. रुग्णालयातच, दोन शस्त्रक्रियांमधल्या दिवसांत, त्याने गणित केले. शुश्रूषा करणारी मारियान ही संगीतकार एर्नेस्त शोसाँ यांची मुलगी. १९१८ मध्ये दोघांचे लग्न झाले.

त्याच्या गणिताचे सर्वांत सोपे उदाहरण असे. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात एक ठरावीक संख्या मिळवा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तेच. काही संख्या फुगत फुगत अनंताकडे पळतात, काही जवळपासच घोटाळत राहतात. कॉलेजात शिकलेल्या संमिश्र संख्या कागदावरचे बिंदू म्हणून मांडल्या, तर या दोन गटांमधली सीमा कशी दिसेल? मिळवायची संख्या शून्य असेल तर साधे वर्तुळ. ती किंचित हलवली की सीमा नागमोडी होते, आणि कितीही जवळून पाहा, नागमोडीच राहते. या विषयावरच्या त्याच्या १९९ पानी प्रबंधाला १९१८ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचे मोठे पारितोषिक मिळाले.

हाताने फार तर ढोबळ आकृती निघे. माझ्या पहिल्या संगणकाच्या पडद्यावर ६४,००० ठिपके होते; प्रत्येकी १०० फेऱ्या धरल्या तर ६४ लाख वेळा तीच आकडेमोड! संध्याकाळी प्रोग्रॅम लावून मी झोपायला जाई. ज्युलियाने हे सारे बुद्धीने ताडले होते.

पुढे हे काम मागे पडले. ज्युलियाच्या हाताखाली शिकलेल्या बेन्वा मांडेलब्रॉटने १९८० च्या सुमारास संगणकावर ही चित्रे काढली, आणि ऑगस्ट १९८५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखाने घरोघरच्या हौशी लोकांना वेड लावले. ज्युलिया मात्र १९ मार्च १९७८ रोजीच गेला होता.

एक माणूस राहिलाच. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणारा पिएर फातू त्याच काळात स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षांशी पोचला होता. आधी कोण, यावरून ज्युलियाने अकादमीकडे दाद मागितली. फातू पारितोषिकाच्या शर्यतीत उतरलाच नाही. तो १९२९ मध्ये वारला. आज चित्रातली वेडीवाकडी किनार ज्युलियाच्या नावाने ओळखली जाते, आणि ती सोडून उरलेला आतबाहेरचा सगळा प्रदेश फातूच्या.